विश्लेषण : पंडिता रमाबाई हिब्रू का शिकल्या? केडगावच्या मराठी बायबलची गोष्ट

खंडाळा : सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यातले. त्यामुळे स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की इथे पहिले नाव त्यांचेच येते. त्याच शतकातले दुसरे मोठे नाव पंडिता रमाबाई यांचे. विधवांसाठी त्यांनी केलेले काम अनेकांना माहीत आहे. मात्र, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले, हे फारसे सांगितले जात नाही.

रमाबाई कोण होत्या?
जन्म २३ एप्रिल १८५८, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना शिकवले. १८७४ मध्ये दुष्काळात आई-वडील गेले. भावासोबत पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये आंतरजातीय विवाह झाला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

धर्मांतरानंतर काय घडले?
१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळी बाहेर पडली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि स्त्रियांना त्यांनी दौंडजवळच्या केडगावात आसरा दिला. तेच ‘मुक्ती’ मिशन.

मग हिब्रू कशासाठी?
मुक्तीत रोज बायबलवाचन होई. पण तेव्हाचा मराठी अनुवाद संस्कृत शब्दांनी भरलेला होता. नुकती अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना तो जड जाई. शिवाय, या शब्दांसोबत वेदान्तातले अर्थही येतात, हा रमाबाईंचा मोठा आक्षेप होता.

अडचण एका शब्दावरून समजते. हिब्रूतील ‘नेफेश’ म्हणजे श्वास, जीव, जिवंत माणूस. त्यासाठी ‘आत्मा’ लिहिले, की मराठी वाचकाला देहापासून वेगळे, अमर असे काही आठवते. मूळ अर्थ तिथेच निसटतो. हे टाळायचे तर मूळ भाषाच शिकायला हवी, असे रमाबाईंनी ठरवले. बायबलच्या जुन्या करारासाठी हिब्रू, नव्या करारासाठी ग्रीक. संस्कृतमुळे ‘पंडिता’ झालेल्या या बाईंनी स्वतःच्या अनुवादातून संस्कृत शब्द निवडून बाहेर काढले आणि साधी, बोलीजवळची मराठी वापरली.

काम कसे पूर्ण झाले?
आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे यात गेली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरीही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज त्याचे महत्त्व काय?
चर्चमध्ये हा अनुवाद रुळला नाही. तिथे बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली. पण धर्मग्रंथाचा अर्थ पंडितांनी किंवा पाद्र्यांनी सांगावा आणि बायकांनी ऐकावा, ही रीत रमाबाईंनी दोन्हीकडे मोडली. मूळ ग्रंथ स्वतः वाचला आणि तो दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांच्या हाती त्यांना कळेल अशा भाषेत दिला. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.