आर्चिबाल्ड लीच

आर्चिबाल्ड लीच (२७ एप्रिल, इ.स. १८६५: ग्लासगो, स्कॉटलंड – २५ एप्रिल, इ.स. १९३९) हे स्कॉटिश अभियंता व वास्तुरचनाकार होते. इ.स. १८९९ ते १९३९ या चाळीस वर्षांत त्यांनी ग्रेट ब्रिटन व आयर्लंडमधील वीसपेक्षा अधिक फुटबॉल मैदानांची संपूर्ण वा अंशतः रचना केली. आयब्रॉक्स, हॅम्पडेन पार्क, क्रेव्हन कॉटेज, ओल्ड ट्रॅफर्ड, गुडिसन पार्क व व्हिला पार्क ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध मैदाने होत. स्कॉटलंडमधील खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या काही संघांच्या जुन्या मैदानांवर त्यांनी उभारलेल्या प्रेक्षकसज्जा शंभर वर्षांनंतरही वापरात राहिल्या.

प्रारंभिक जीवन

लीच यांचा जन्म ग्लासगो शहराच्या पूर्व भागात एका लोहाराच्या कुटुंबात झाला. त्या काळी ग्लासगो हे जहाजबांधणी, लोखंडकाम व यंत्रनिर्मितीचे मोठे केंद्र होते. लीच यांचे व्यावसायिक शिक्षणही याच वातावरणात झाले. त्यांची मूळ ओळख कारखान्यांची आखणी करणारे अभियंता अशी होती. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत तत्कालीन सिलोनमधील (आताचे श्रीलंका) देल्तोता येथील चहाचे कारखाने, तसेच ग्लासगो व लॅनार्कशायर परिसरातील औद्योगिक इमारतींचा समावेश होतो. ग्लासगोच्या पोलमडी भागातील सेंटिनेल वर्क्स ही त्यांची कारखान्याची इमारत अद्याप उभी असून तिला वारसा वास्तू म्हणून वरच्या श्रेणीचे संरक्षण मिळाले आहे.

कारखान्याच्या आखणीत कमी खर्चात मोठी जागा झाकणे, पोलादी सांगाड्यावर छत तोलणे आणि शेकडो माणसांची ये-जा सुलभ करणे हे मुख्य प्रश्न असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक शहरांतील फुटबॉल संघांपुढेही नेमके हेच प्रश्न उभे राहिले. शनिवारी दुपारी कामावरून सुटलेले हजारो कामगार सामन्यांना गर्दी करू लागले होते. परंतु मैदानांवरील सोयी मात्र तुटपुंज्या होत्या. लीच स्वतः ग्लासगोच्या रेंजर्स संघाचे चाहते होते. या संघाच्या नव्या आयब्रॉक्स मैदानाचे काम त्यांच्याकडे आले व इ.स. १८९९ मध्ये ते मैदान खुले झाले.

आयब्रॉक्स दुर्घटना

५ एप्रिल, इ.स. १९०२ रोजी आयब्रॉक्स येथे स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड हा सामना सुरू असताना पश्चिमेकडील उंच प्रेक्षकसज्जेचा काही भाग कोसळला. ही सज्जा पोलादी खांबांच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या बसवून तयार केलेली होती. फळ्या मोडून पडलेल्या भगदाडातून शेकडो प्रेक्षक सुमारे १२ मीटर खाली जमिनीवर आदळले. २५ जणांचा मृत्यू झाला व ५०० हून अधिक जखमी झाले. काही वेळाने सामना पुन्हा सुरू करून पूर्ण करण्यात आला. मात्र नंतर तो अधिकृत नोंदीतून वगळण्यात आला आणि बर्मिंगहॅम येथे पुन्हा खेळविण्यात आला. लीच त्या दिवशी मैदानात उपस्थित होते.

या प्रकरणी लाकूडकाम करणाऱ्या कंत्राटदारावर खटला भरण्यात आला. ठरलेल्या प्रतीऐवजी हलक्या प्रतीचे लाकूड वापरल्याचा आरोप त्याच्यावर होता. परंतु न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. आराखडा लीच यांचा असल्याने त्यांच्या व्यावसायिक प्रतिष्ठेवरही प्रश्नचिन्ह उभे राहिले. मात्र त्यांच्यावर खटला चालला नाही. मैदानाच्या पुनर्बांधणीचे काम रेंजर्सने पुन्हा लीच यांच्याकडेच सोपविले.

या घटनेनंतर मोठ्या उंचीच्या लाकडी सज्जांची पद्धत मागे पडली. मातीचे भक्कम भराव घालून त्यांच्या उतारावर पायऱ्या बांधण्याची पद्धत रूढ झाली. गर्दीचा लोट वरून खाली एकदम येऊ नये म्हणून ठराविक अंतरावर नळीच्या आकाराचे लोखंडी कठडे बसविण्याची रचना लीच यांनी विकसित केली व तिचे एकस्व घेतले.

हॅम्पडेन पार्क

आयब्रॉक्सच्या दुर्घटनेनंतर दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर, इ.स. १९०३ रोजी ग्लासगोमधील हॅम्पडेन पार्क हे मैदान सुरू झाले. इ.स. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या क्वीन्स पार्क या स्कॉटलंडमधील सर्वांत जुन्या फुटबॉल संघाचे हे मैदान होते. मैदानाच्या आखणीत लीच यांचा, तर सज्जांच्या रचनेत वास्तुविशारद जेम्स मिलर यांचा सहभाग होता. भोवतीच्या भरावांवर उभे राहून सामना पाहण्याची सोय असल्याने येथे प्रचंड गर्दी सामावत असे. इ.स. १९३७ मधील स्कॉटलंड–इंग्लंड सामन्यास १,४९,००० हून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. इ.स. १९५० मध्ये ब्राझीलमधील माराकाना मैदान होईपर्यंत हॅम्पडेन हे जगातील सर्वांत मोठे फुटबॉल मैदान होते.

क्वीन्स पार्क संघाने इ.स. २०१९ पर्यंत आपल्या खेळाडूंना मानधन न देण्याचे तत्त्व पाळले. व्यावसायिक संघांपुढे त्याचा निभाव लागेना व तो अनेक दशके खालच्या श्रेणींत खेळत राहिला. त्यामुळे देशातील सर्वांत भव्य मैदानात काहीशे प्रेक्षकांसमोर होणारे सामने हे स्कॉटिश फुटबॉलचे एक वैशिष्ट्यच बनले. इ.स. २०२० मध्ये हे मैदान स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या मालकीचे झाले.

रचनेची वैशिष्ट्ये

लीच यांच्या सज्जा बहुधा दोन स्तरांच्या असत. वरच्या स्तरावर आसने आणि खाली, मैदानालगत, उभे राहून पाहणाऱ्यांसाठी उतरत्या पायऱ्या असत. वरच्या स्तराच्या दर्शनी कठड्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या पोलादी पट्ट्यांची जाळी दिसे. छताच्या मध्यभागी त्रिकोणी शिखर उभारून त्यावर संघाचे नाव लिहिण्याची प्रथाही त्यांनी रूढ केली. रस्त्याकडील बाजू लाल विटांची असे. लंडनमधील फुलहॅम संघाच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावरील इ.स. १९०५ ची सज्जा व आयब्रॉक्स येथील इ.स. १९२९ ची मुख्य सज्जा ही या शैलीची जतन झालेली उदाहरणे असून दोन्हींना वारसा वास्तूचे संरक्षण आहे.

लहान संघांची मैदाने

मोठ्या संघांसाठी काम करीत असतानाच लीच यांनी स्कॉटलंडमधील मध्यम व लहान शहरांतील संघांसाठीही सज्जा उभारल्या. येथे जागा अपुरी व पैसा मर्यादित असल्याने रचना परिसराच्या गरजेनुसार वळविली गेली.

डंडी येथील डेन्स पार्क मैदानावरील मुख्य सज्जा (इ.स. १९२१) सरळ रेषेत नसून मध्यरेषेपाशी कोनात वळलेली आहे. कर्कॉल्डी येथील रेथ रोव्हर्स संघाच्या स्टार्क्स पार्क मैदानावरील सज्जा (इ.स. १९२२) मैदानाच्या एका बाजूचा केवळ अर्धा भाग व्यापून कोपऱ्याभोवती काटकोनात वळते. एअर शहरातील सॉमरसेट पार्क मैदानावरील मुख्य सज्जा इ.स. १९२४ मध्ये उभारली गेली.

श्रीमंत संघांनी जुन्या सज्जा पाडून नव्या बांधल्या. लहान संघांना ते परवडले नाही. परिणामी लीच यांच्या कामाचे काही महत्त्वाचे अवशेष खालच्या श्रेणींतील मैदानांवर टिकले. जुनी मैदाने पाहत फिरणारे फुटबॉलप्रेमी या ठिकाणांना आवर्जून भेट देतात.

अखेरची वर्षे

लीच यांचा व्यवसाय पुढे इंग्लंडमध्ये विस्तारला व त्यांनी लंडन येथे कार्यालय थाटले. पुत्र आर्चिबाल्ड केंट लीच हेही या व्यवसायात सहभागी झाले. २ जानेवारी, इ.स. १९३९ रोजी आयब्रॉक्स येथे रेंजर्स व सेल्टिक यांच्या सामन्यास १,१८,५६७ प्रेक्षक आले. ब्रिटनमधील साखळी सामन्यांतील हा उच्चांक आहे. त्यानंतर चार महिन्यांच्या आत लीच यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

लीच यांच्या काळात गर्दीची सुरक्षितता पाहणारा स्वतंत्र कायदा नव्हता. त्यांच्या सज्जा पुढे अनेक दशके, पुरेशी देखभाल न होता वापरल्या गेल्या. २ जानेवारी, इ.स. १९७१ रोजी आयब्रॉक्समधील एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मरण पावले. त्यानंतर इ.स. १९७५ मध्ये क्रीडांगण सुरक्षा कायदा संमत झाला. मात्र खालच्या श्रेणींतील मैदाने सुरुवातीस त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ११ मे, इ.स. १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे लीच यांच्या जुन्या लाकडी सज्जेला आग लागून ५६ जणांचा मृत्यू झाला. फळ्यांखाली वर्षानुवर्षे साचलेला कचरा पेटल्याने ही आग भडकली होती. इ.स. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर मोठ्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने असण्याचा आग्रह धरला गेला आणि लीच यांच्या अनेक सज्जा नामशेष झाल्या. व्हिला पार्क येथील सज्जा इ.स. २००० मध्ये, तर एडिनबरोच्या टाइनकॅसल पार्क मैदानावरील इ.स. १९१४ ची सज्जा इ.स. २०१७ मध्ये पाडण्यात आली.

हयातीत व त्यानंतरही दीर्घकाळ लीच यांचे नाव वास्तुकलेच्या इतिहासात फारसे घेतले गेले नाही. त्यांची कामे केवळ उपयुक्त बांधकामे मानली गेली. सायमन इंग्लिस यांच्या लेखनामुळे, विशेषतः इ.स. २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या लीचविषयक ग्रंथामुळे, या कामाचे महत्त्व पुन्हा प्रकाशात आले. औद्योगिक शहरांतील कामगारवर्गाच्या करमणुकीला वास्तुरूप देणारे अभियंता म्हणून आज त्यांचा उल्लेख केला जातो.