कवटीच्या आत पाहणारा डोळा : गॉडफ्रे हाउन्सफिल्ड

डोक्याला मार लागलेला मनुष्य पुष्कळदा उठून बसतो, बोलतो, चालत घरी जातो. परंतु कवटीच्या आत रक्त झिरपत राहिले, तर काही तासांनी वा काही आठवड्यांनीही तो बेशुद्ध होतो. 1895 साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले, तरी साध्या छायाचित्रात हाड तेवढे दिसे. मेंदूभोवतीचे रक्त अदृश्यच राही. हा पडदा दूर सारणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड वैद्य नव्हते आणि विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते.

28 ऑगस्ट 1919 रोजी इंग्लंडमधील नेवार्क येथे त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते धाकटे. शेतावर वाढलेल्या या मुलाला यंत्रांचे वेड होते. स्वतः केलेले ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी घेण्याचे धाडसही त्याने केले. शाळेत गणित व पदार्थविज्ञान यांतच त्यांचे मन रमे. महायुद्धात ते विमानदलात रडार शिकले व पुढे शिकवूही लागले. युद्धानंतर ते ईएमआय कंपनीत रुजू झाले.

1967 च्या सुमारास त्यांना एक विचार सुचला. बंद पेटीतून सर्व बाजूंनी किरण पाठवून मोजमापे घेतली, तर ती न उघडता आतील रचना गणिताने कळेल. पहिल्या प्रयोगात एका चित्राच्या सुमारे 28,000 मोजमापांना नऊ दिवस लागले! पण त्यांनी धीर सोडला नाही. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूतील गाठ चित्रात दिसली. हाच सीटी स्कॅन.

या चित्रात प्रत्येक बिंदूला अंक असतो व ते माप हाउन्सफिल्ड यांच्याच नावाने ओळखले जाते. पाणी शून्य, मेंदू सुमारे 30 ते 40, ताजे साकळलेले रक्त 50 ते 70. म्हणून ते पांढरे दिसते. परंतु दिवसांगणिक हा अंक उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी तो मेंदूइतकाच होतो आणि रक्त समोर असूनही दिसत नाही. तेव्हा मेंदूच्या वळ्या दबल्या आहेत काय, मध्यरेषा सरकली आहे काय, हे वैद्याला पाहावे लागते. यंत्र दाखवते, ओळखावे माणसानेच.

1979 साली त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्यभर साधेपणाने राहिलेले हे अविवाहित संशोधक 12 ऑगस्ट 2004 रोजी निवर्तले.

आज ही तपासणी आपल्या हुबळीतही होते. लॅमिंग्टन रोडवर सायकलवरून पडून डोके आपटले आणि पुढे डोकेदुखी, उलटी वा गुंगी आली, तर रागावतील म्हणून घरी लपवू नका. सांगितले, तरच तो डोळा आत पाहू शकेल.