डॉ. व्हर्जिनिया ॲपगार: बाळाच्या पहिल्या मिनिटाकडे बघायला शिकवणाऱ्या डॉक्टर

तुमच्या बाळाचे डिस्चार्ज कार्ड घरात असेल तर एकदा काढून बघा. जन्मवेळ आणि वजनाच्या आसपास 'ॲपगार' असा शब्द आणि त्यापुढे दोन आकडे लिहिलेले असतील. बहुधा ८ आणि ९, किंवा ७ आणि ९. हे आकडे बघून अनेक पालक काळजीत पडतात. आमच्या बाळाचे दोन गुण का कापले, त्याच्या मेंदूला काही झाले का, असे विचारतात. या प्रश्नांचे उत्तर लेखात पुढे आहेच. पण आधी हा आकडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या डॉक्टरांची ओळख करून घेऊ.

सर्जन व्हायचे होते, पण...

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वेस्टफील्ड गावी झाला. त्यांचा एक भाऊ लहानपणीच क्षयरोगाने गेला. घरात संगीताची आवड होती आणि व्हर्जिनिया आयुष्यभर व्हायोलिन वाजवत राहिल्या. १९२९ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९३३ मध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

त्यांना सर्जन व्हायचे होते आणि ते शिक्षण त्यांनी सुरूही केले. पण तो काळ महामंदीचा होता आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते. स्त्री सर्जनकडे पेशंट येतील याचीही खात्री नव्हती. त्यांच्या विभागाचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. भूल चांगली दिली गेली नाही तर शस्त्रक्रियाही पुढे जाणार नाही, हे व्हिपल ओळखून होते.

जिथे शिकवणारेच कमी होते

अमेरिकेत त्या काळी भूल देण्याचे काम मुख्यतः प्रशिक्षित परिचारिका करत. डॉक्टरांनी हा विषय रीतसर शिकावा अशी सोय मोजक्याच ठिकाणी होती. त्यामुळे डॉ. ॲपगार आधी स्वतःच्याच हॉस्पिटलमधील परिचारिकांकडून भूल द्यायला शिकल्या. पुढे त्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे गेल्या. तिथे शिकायला येणाऱ्या स्त्री डॉक्टरांसाठी राहायची धड सोयही नव्हती. त्यानंतर काही महिने त्यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये काढले. १९३८ मध्ये त्या कोलंबियाला परतल्या आणि भूलशास्त्र विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता पुढच्या डॉक्टरांना शिकवण्याचे काम त्यांचे होते.

आज मूळ शिक्षण झाल्यावर एखाद्या नेमक्या विषयात डॉक्टर आणखी काही वर्षे शिकतात, त्याला आपण फेलोशिप म्हणतो. लहान मुलांच्या इमर्जन्सीचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत या विषयाच्या फेलोशिप १९८० च्या दशकात आकाराला आल्या आणि तज्ज्ञतेची पहिली परीक्षा १९९२ मध्ये झाली. तिथे बालरोगशास्त्राची तीन वर्षे पूर्ण केलेला डॉक्टर त्यापुढे साधारण तीन वर्षे हा विषय शिकतो. अशी आखलेली वाट ॲपगारांना मिळाली नव्हती. जिथे जे शिकायला मिळेल ते त्यांनी गोळा केले.

बाळाकडे कोण बघणार?

१९४९ मध्ये भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला, पण त्याचे प्रमुखपद दुसऱ्या डॉक्टरांना मिळाले. त्याच वर्षी ॲपगार त्या महाविद्यालयातील पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या. प्रशासनाचे ओझे उतरल्यावर त्या प्रसूतिगृहात भूल देण्याच्या कामात रमल्या आणि तिथे एक गोष्ट त्यांना खटकू लागली.

बाळ जन्मले की सगळ्यांचे लक्ष आईकडे असे. रक्तस्राव, वार पडणे, टाके यांत सगळी गुंतलेली असत. बाळ थोडे निळे आहे, श्वास मंद आहे, हे बघितले जाई, पण प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने बघे. ज्या बाळाला पहिल्या मिनिटात मदत मिळाली असती तर ते वाचले असते, त्याच्याबाबतीत ते मिनिट निघून जाई. कित्येकदा अशक्त बाळ जगणारच नाही असे समजून फारसे प्रयत्नही होत नसत.

एका विद्यार्थ्याने नवजात बाळाची स्थिती कशी तपासावी असे विचारले तेव्हा ॲपगारांनी समोरच्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, अशी हकिगत सांगितली जाते. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत वैद्यकीय सभेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली.

पाच लक्षणे, दहा गुण

पद्धत अगदी साधी आहे. जन्मानंतर एका मिनिटाने पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे:

• हृदयाचे ठोके: नाहीत, मिनिटाला १०० पेक्षा कमी, की १०० किंवा जास्त
• श्वास: नाही, मंद व अनियमित, की बाळ जोरात रडते
• स्नायूंचा ताण: अंग लुळे, हातपाय थोडे दुमडलेले, की चांगली हालचाल
• प्रतिसाद: काहीच नाही, फक्त तोंड वाकडे करते, की रडते, शिंकते, खोकते
• रंग: सगळे अंग निळे किंवा फिके, फक्त हातपाय निळे, की सगळे अंग गुलाबी

यासाठी यंत्र लागत नाही. एक स्टेथोस्कोप, घड्याळ आणि बाळाकडे बघणारा माणूस पुरतो. पाच मिनिटांनी पुन्हा गुण देण्याची पद्धत पुढे रुळली. तुमच्या कार्डावर दोन आकडे असतात ते यामुळे. १९६० च्या दशकात एका बालरोगतज्ज्ञाने ॲपगार या आडनावाच्या पाच इंग्रजी अक्षरांत ही पाच लक्षणे बसवली आणि विद्यार्थ्यांना ती लक्षात ठेवणे सोपे झाले.

ॲपगार एवढ्यावर थांबल्या नाहीत. डॉ. स्टॅन्ली जेम्स आणि डॉ. डंकन होलाडे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बाळांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. कमी गुण मिळालेल्या बाळांच्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते, हे त्यातून दिसले. म्हणजे या बाळांना तातडीने श्वासाची मदत हवी होती. आईला सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू दिला असेल तर बाळ मंदावते, हेही लक्षात आले. हा वायू ॲपगारांच्या स्वतःच्या आवडीचा होता. तरीही पुरावा समोर आल्यावर त्यांनी प्रसूतीसाठी तो वापरणे बंद केले.

पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी

१९५९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत त्यांनी जन्मजात व्यंगांवर काम केले. गावोगावी फिरून त्या पालकांशी साध्या भाषेत बोलत. गरोदरपणात होणाऱ्या रुबेलाचा धोका आणि लसीचे महत्त्व त्यांनी लोकांपर्यंत नेले. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

तुमच्या कार्डावरचा आकडा काय सांगतो?

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ.

• ७ ते १० गुण म्हणजे बाळाची स्थिती समाधानकारक. पहिल्या मिनिटाला १० गुण क्वचितच मिळतात, कारण बहुतेक बाळांचे हातपाय थोडा वेळ निळसर असतात.
• पहिला आकडा कमी आणि दुसरा चांगला असेल तर बाळ सावरले, असा त्याचा अर्थ.
• पाच मिनिटांनीही गुण ७ पेक्षा कमी असतील तर दर पाच मिनिटांनी, २० मिनिटांपर्यंत, पुन्हा गुण देतात आणि बाळावर जास्त लक्ष ठेवतात.
• हा आकडा बाळाची बुद्धी किंवा भविष्य सांगत नाही. कमी दिवसांच्या बाळाचे गुण मुळातच कमी असू शकतात. फक्त या आकड्यावरून मेंदूला इजा झाली असे ठरवता येत नाही.
• श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत लगेच सुरू होते. त्यासाठी गुण मोजायची वाट बघत नाहीत.

मुलांच्या इमर्जन्सीचे शिक्षण घेणारा डॉक्टर आजही आधी हेच शिकतो. यंत्र लावण्यापूर्वी मूल कसे दिसते, श्वास कसा घेते आणि त्वचेचा रंग कसा आहे, हे काही सेकंदांत बघायचे.

घरी आल्यावर हे बघणे तुमच्या हातात असते. नवजात बाळ दूध ओढत नसेल, अंग लुळे पडले असेल, ओठ किंवा जीभ निळी दिसत असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, झटके येत असतील, ताप असेल किंवा अंग गार पडले असेल, तर सकाळची वाट बघू नका. घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा बाळाला उबदार गुंडाळून लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे पोचल्यावर काय दिसले आणि केव्हापासून, एवढे डॉक्टरांना नेमके सांगा. उपचार सुरू करायला त्याची मोठी मदत होते.