चाकामागचा माणूस

महाड आणि पोलादपूर हा माणसांची आठवण ठेवणारा मुलूख. चवदार तळ्यापाशी उभे राहिले की १९२७ साल आठवते, उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे हात आपसूक जोडले जातात, आणि रायगडाबद्दल तर काय सांगावे! परंतु याच मुलखात रोज शेकडो वेळा उच्चारले जाणारे एक नाव असे आहे, की ते एका हाडामांसाच्या माणसाचे होते याची कुणाला कल्पनाही नसते. हमरस्त्याच्या कडेला असलेल्या कुठल्याही गॅरेजात जाऊन उभे राहा. गाडीचे बॉनेट उघडलेले असेल, पुढचे चाक काढलेले असेल आणि कुणीतरी पोऱ्याला हाक मारून मॅकफर्सन खोलायला सांगत असेल.

मॅकफर्सन म्हणजे पुढच्या चाकाचा तो उभा खांब. मध्ये शॉकअप आणि त्याच्याभोवती वेटोळी स्प्रिंग. मोटारींच्या नादात माझी सारी हयात गेली. या खांबाला हात लावणारी चांगली कसबी माणसे मी पाहिली, पण त्या नावामागचा गृहस्थ कोण, हे त्यांतल्या क्वचितच कुणी विचारले असेल. म्हणून आज त्याची गोष्ट सांगावीशी वाटते. अलीकडे तरुण मंडळींमध्ये गाडीचा मूळ शॉकअप काढून कॉइलओव्हर बसवण्याचे जे वेड पसरले आहे, त्यामुळे तर ती सांगणे अगत्याचेच झाले आहे.

अर्ल स्टील मॅकफर्सन याचा जन्म १८९१ सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. तिथल्याच विद्यापीठातून १९१५ मध्ये तो अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला आणि मोटारींची पंढरी समजल्या जाणाऱ्या डेट्रॉइटला पोहोचला. पहिल्या महायुद्धात तो युरोपात गेला आणि विमानांच्या इंजिनांच्या कामात गुंतला. युद्ध संपल्यावर लिबर्टी, मग हपमोबिल अशा कंपन्यांत त्याने उमेदीची वर्षे काढली. आज या कंपन्यांची नावे जुन्या मोटारींच्या शौकिनांनाच ठाऊक असतील. १९३४ च्या सुमारास तो जनरल मोटर्समध्ये आला आणि शेवरोलेच्या आरेखन विभागात वर चढत गेला.

त्याच्या आयुष्यातला कसोटीचा काळ १९४५ मध्ये सुरू झाला. दुसरे महायुद्ध संपत आले होते. आता घरोघरी परतणाऱ्या लोकांना लहान, स्वस्त मोटार लागेल असा कंपनीचा अंदाज होता. तिचे नाव ठरले कॅडेट. किंमत हजार डॉलर, वजन बावीसशे पौंडांच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबाने हजार किलोच्या आसपास. हे काम मॅकफर्सनच्या हाती आले.

आता स्वस्त गाडी करायची म्हणजे सर्वसाधारण अभियंता काय करील? मोठ्या गाडीतले चांगले काढून हलके घालील. मॅकफर्सनने तसे केले नाही. हजार डॉलरच्या गाडीत बसणाऱ्या कुटुंबालाही खड्ड्याचा धक्का कमी बसला पाहिजे, असाच जणू त्याचा हट्ट होता. चारही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली झाली पाहिजेत, असे त्याने ठरवले. त्या काळी ही चैन पुढच्या चाकांपुरती असे. मागे एकसंध आस आणि तिच्याखाली पाटे, हा रिवाज होता.

पण स्वतंत्र चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म लागत, शिवाय स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. एवढा पसारा लहान गाडीत मावायचा कसा आणि परवडायचा कसा? मॅकफर्सनने वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअप चांगला जाडजूड केला, त्याचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला टेकवले, खालच्या टोकाला चाक धरले आणि स्प्रिंग त्याच्याच वर बसवली. खाली आर्म उरला एकच. गाडीचे वजन पेलणे, उसळी आवरणे आणि चाक सरळ धरून ठेवणे ही तिन्ही कामे एकाच खांबाने करायची! या जातीच्या कल्पना युरोपात कुणी कुणी आधीही मांडल्या होत्या. पण मोठ्या संख्येने करता येईल असे सुटसुटीत रूप दिले ते मॅकफर्सनने. १९४७ च्या मार्च महिन्यात त्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला.

आणि त्याच वर्षी कॅडेट रद्द झाली.

युद्धानंतर लोक मिळेल ती मोटार मिळेल त्या किमतीला घेत होते. मोठ्या गाड्या हातोहात खपत असताना लहान गाडीत नफा कसला, असा कंपनीचा रोकडा हिशेब होता. चार-दोन नमुने तयार झाले होते, तेवढ्यावरच कारभार आटोपला. दोन वर्षे जीव ओतून केलेले काम असे गुंडाळले गेल्यावर पंचावन्न ओलांडलेल्या माणसाने काय करावे? निवृत्तीची वाट पाहत बसणे सोपे होते. मॅकफर्सनने घर बदलले. तो फोर्डमध्ये गेला. तिथे खांबाच्या रचनेत सुधारणा करून दुसरे पेटंट घेतले. १९५० मध्ये इंग्लंडमधल्या फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफिर या गाड्यांत तो खांब रस्त्यावर आला. १९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाचा उपाध्यक्ष झाला, १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि १९६० मध्ये वारला. ज्या अमेरिकेत तो जन्मला, तिथल्या मोठाल्या गाड्यांना तेव्हा त्याच्या काटकसरीची गरज वाटली नव्हती. त्याच्या खांबाचे खरे राज्य पुढे आले, लहान गाड्यांचे दिवस आल्यावर.

आपल्याकडे ते दिवस १९८३ च्या डिसेंबरात उजाडले. त्यापूर्वी मुंबई-गोवा रस्त्यावर अँबेसेडर आणि प्रीमियर यांचे युग होते. मारुती ८०० आली आणि तिच्या पुढच्या दोन चाकांमागे मॅकफर्सनचे खांब होते. ती चिमुकली गाडी चार माणसे, दोन पोरे, फणस आणि गणपतीचे सामान घेऊन कशेडी चढू लागली, तेव्हा डेट्रॉइटमध्ये रद्द झालेले एका माणसाचे स्वप्न कोकणात खरे होत होते, असे मला वाटते. आज मोठ्या, वेगवान सेडान गाड्यांनाही पुढे बहुधा हाच खांब असतो.

कॉइलओव्हर हा याच खांबाचा नातू. बाहेरून आटे पाडलेला शॉकअप, त्यावर फिरणारी चकती, चकतीवर टेकलेली स्प्रिंग. आटे फिरवून गाडी वर-खाली करता येते आणि वरच्या बाजूची कळ फिरवून शॉकअप कडक-नरम करता येतो. एका गणपतीत माझा भाचा अशीच एक सेडान घेऊन महाडला आला. गाडी दिसायला झोकदार, जमिनीला जवळजवळ टेकलेली. पण गतिरोधकावर पोट घासत होते, खड्ड्यात स्प्रिंग खडखडत होती आणि आंबेनळी घाटात गाडी वळणावर अनपेक्षितपणे कलत होती. शहरातल्या एका दुकानात काम झाले होते. आम्ही एका जाणत्या मेकॅनिकला बरोबर घेतले आणि अख्खा दिवस त्या गाडीला दिला.

पहिले काम मोजमापाचे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून कागदावर लिहिले. मग चाके काढली. दुकानदाराने उंची कमी करण्यासाठी स्प्रिंगखालची चकतीच सैल सोडली होती, म्हणून गाडी उचलली की स्प्रिंग आपल्या जागेवर हलत होती. या जातीच्या खांबात उंची खालच्या ब्रॅकेटमध्ये अंग फिरवून बदलायची असते, चकतीचे काम स्प्रिंगला बेताने पकडून ठेवण्याचे. चकती हाताला लागेल इतकी घट्ट केली, थोडा दाब दिला आणि दुसऱ्या चकतीने तिला कुलूप घातले. उंची वाढवून चारही बाजू समान केल्या. आर्मचे रबरी बुश चाके हवेत लोंबत असताना आवळलेले निघाले. तसे केले की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ते बोल्ट सैल करून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. शॉकअपची कळ आधी पूर्ण कडक केली आणि तिथून टिकटिक मोजत मागे आणली, डावी-उजवी सारखी. शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा रोख तपासला. काहीशे किलोमीटर गाडी चालली की हे सारे पुन्हा एकदा पाहायचे, हेही बजावले.

भाच्याचा प्रश्न रास्त होता. गाडी खाली आली म्हणजे ती वळणावर अधिक ठाम बसायला हवी, मग कलते कशी? उत्तर मॅकफर्सनच्या काटकसरीत आहे. एकच खांब आणि एकच आर्म यांच्या मांडणीतून गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू ठरतो. गाडी फार खाली आणली की आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते आणि तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षाही झपाट्याने खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढते. आंबे काढायच्या झेल्याची काठी जितकी लांब, तितके टोक अधिक डोलते, तसे. शिवाय चाकाला वर जायला जागा उरत नाही. खड्डा आला की खांब तळाला आपटतो, आणि घाटातल्या वळणावर नेमक्या त्या क्षणी टायरची पकड ढिली होते.

नवे भाग बसवायला माझी हरकत नाही. हौसेला मोल नसते. मात्र मूळ खांब घरी खोलू नये. त्यातली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, तेव्हा पेणच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करावी. आणि उंची ठरवताना शहरातला गुळगुळीत रस्ता नव्हे, गावाकडची वाट डोळ्यांपुढे ठेवावी. कशेडीखालून आता बोगदा झाला आहे, पण गावात शिरणारा रस्ता तोच आहे आणि आंबेनळीची वळणेही तीच आहेत.

मॅकफर्सनने तीन कामे एका खांबावर सोपवली, म्हणूनच गरिबाच्या गाडीला श्रीमंताची चाल मिळाली. पण एकत्र कुटुंबासारखेच हे आहे. एकाला हलवले की बाकीचे दोघे हलतात. हजार डॉलरच्या गाडीतल्या माणसालाही धक्का लागू नये म्हणून झटलेल्या त्या अभियंत्याचा पुतळा आपल्याकडे कुणी उभारणार नाही, आणि तशी गरजही नाही. घाटात मागच्या आसनावर पेंगुळलेली आई खड्ड्याने जागी झाली नाही, म्हणजे त्याचे काम झाले.