अब्राहम लिंकन

१२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे. बाईंनी वाचनपेटीतलं पुस्तक दिलं, ते मी दोनदा वाचलं.

अब्राहम लिंकन हे अमेरिकेचे १६ वे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचा जन्म १८०९ साली केंटकी राज्यात झाला. वडिलांचे नाव थॉमस व आईचे नाव नॅन्सी. वडील शेती आणि सुतारकाम करीत. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं. घर म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची एक खोली आणि खाली माती. अब्राहम सात वर्षांचा असताना ते सगळे इंडियाना राज्यात जंगलात राहायला गेले. तिथं पहिल्या थंडीत त्यांनी तीन बाजू बंद, एक उघडी असा आडोसा केला होता आणि उघड्या बाजूला जाळ. मला तर आमची ऊसतोडीवरची कोपीच आठवली. पण तिथं बर्फ पडतो.

१८१८ साली त्यांची आई वारली. रानातलं एक विषारी झाड गाईंनी खाल्लं की त्यांचं दूध पिणारी माणसं मरायची. नेमकं कशानं मरतात ते तेव्हा लोकांना कळत नव्हतं. अब्राहम नऊ वर्षांचा होता. वडिलांनी आईसाठी फळ्यांची पेटी केली आणि तिच्या लाकडी खुंट्या अब्राहमने तासल्या असं सांगतात. त्याची बहीण सारा अकरा वर्षांची होती. तीच भाकरतुकडा करायची.

पुढच्या वर्षी वडील केंटकीला गेले आणि दुसरं लग्न करून आले. नव्या आईचं नाव पण साराच. तिची स्वतःची तीन मुलं होती. गोष्टीतली सावत्र आई वाईट असते. ही तशी नव्हती. तिनं आल्याबरोबर पोरांना आंघोळी घातल्या आणि घरात लाकडाची जमीन करून घेतली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, तरी तिनं येताना पुस्तकं आणली. अब्राहम वाचत बसला की काम राहतं म्हणून वडील कधी कधी रागवायचे. नवी आई त्याची बाजू घ्यायची.

शाळेत तो सगळे दिवस मिळून एक वर्षसुद्धा गेला नाही. पाटी नव्हती म्हणून लाकडी फावड्यावर कोळशानं गणितं करायचा आणि फावडं भरलं की तासून पुन्हा लिहायचा. एकदा शेजाऱ्याकडून आणलेलं पुस्तक पावसात भिजलं. ते भरून द्यायला त्यानं शेजाऱ्याच्या शेतात तीन दिवस काम केलं. मग पुस्तक त्याचंच झालं!

मोठे झाल्यावर त्यांनी नावेवर काम केलं, दुकानात काम केलं, पोस्टमास्तर झाले, जमिनी मोजल्या. भागीत दुकान काढलं ते बुडालं. ते कर्ज त्यांनी कितीतरी वर्षे फेडलं. १८३२ साली इलिनॉय राज्याच्या निवडणुकीत ते पडले. १८३४ साली निवडून आले. स्वतः पुस्तकं वाचून वकील झाले. १८४६ साली देशाच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. १८५८ साली सिनेटसाठी पुन्हा पडले, पण त्या वेळच्या सात वादविवादांमुळे सगळ्या देशाला ठाऊक झाले.

वाद होता गुलामगिरीचा. तिकडे दक्षिणेकडच्या राज्यांत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांकडून कापसाच्या शेतात काम करून घेत. मजुरी नाही. त्यांना बाजारात विकत आणि मुलांना आईपासून वेगळं विकत. असे ४० लाखांच्या आसपास लोक होते. ही प्रथा नव्या मुलखात वाढू द्यायची नाही असं लिंकन यांचं म्हणणं होतं.

१८६० साली ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. तेव्हा एका अकरा वर्षांच्या मुलीनं त्यांना पत्र लिहिलं की, तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवली तर बरं दिसेल. त्यांनी तिला उत्तर दिलं आणि दाढी खरंच ठेवली. निवडून आल्यावर आगगाडी तिच्या गावी थांबली तेव्हा ते तिला भेटले. मला ही गोष्ट सर्वांत आवडली. राजधानीला जाण्याआधी ते मुद्दाम सावत्र आईला भेटून आले. वडील १८५१ साली वारले, तेव्हा मात्र ते गेले नव्हते. असं का केलं ते मला कळलं नाही.

ते निवडून आले म्हणून दक्षिणेकडची राज्ये देशातून फुटली. अकरा राज्ये फुटली. १८६१ ते १८६५ युद्ध झाले. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. त्यांचा मुलगा विली पण याच काळात तापानं गेला. तो अकरा वर्षांचा होता. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी फुटलेल्या राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. सगळ्या देशातली गुलामगिरी १८६५ च्या डिसेंबरात कायद्याने बंद झाली. पण ते बघायला लिंकन नव्हते. १४ एप्रिलला ते नाटक बघत असताना एका नटाने त्यांना पाठीमागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले.

बाईंनी सांगितलं की आपल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आहे.

लिंकन यांची नवी आई १८६९ पर्यंत जिवंत होती. तिला मुलगा मारल्याची बातमी ऐकावी लागली. इथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आमच्या घरी पण नवी आई आहे. मागच्या वर्षी मी तोडीवर गेले म्हणून माझी अर्धी तिसरी बुडाली. या वर्षी तिनं वडिलांना सांगून मला आजीपाशी ठेवलं. मी न्यायची ती मोळी आता तीच नेत असेल. तिला वाचता येत नाही. कारखाना बंद झाला की ते दोघं घरी येतील. तोपर्यंत बाईंनी हा कागद भिंतीवरून काढू नये, अशी माझी विनंती आहे. मी तिला शाळेत आणून वाचून दाखवणार आहे.