लुई ब्रेल : सहा बिंदूंचे वरदान

पॅरिसपासून जवळच असलेल्या कुव्रे या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर व चामडी सरंजाम बनवीत. तीन वर्षांचा लुई एके दिवशी त्यांच्या आरीशी खेळत असता ती त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्णपणे अंध झाला.

त्या काळी गरीब अंध मुलाच्या नशिबी बहुधा भिक्षापात्रच येई. परंतु कुव्रेचे धर्मगुरू फादर जाक पालुई यांनी या मुलाची बुद्धी हेरली. त्यांनी त्याला स्वतः शिकविले आणि गावच्या शाळेत प्रवेश मिळवून दिला. १८१९ साली लुई पॅरिसमधील अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला.

तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावदार छापलेली असत. पुस्तके अवजड, महाग व मोजकीच होती. एकेक अक्षर चाचपडत वाचावे लागे आणि स्वतःच्या हाताने तसे लिहिणे तर जवळजवळ अशक्यच.

१८२१च्या सुमारास चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची बिंदूंची लिपी शाळेत आली. कागदावर उठविलेले बिंदू बोटांना रेषांपेक्षा चटकन कळतात, ही मूळ कल्पना बार्बिए यांची. पण त्यांच्या एका चिन्हात बारापर्यंत बिंदू असत. ते एका बोटाखाली मावत नसत. शिवाय लिपी केवळ उच्चारांची होती. शुद्धलेखन, विरामचिन्हे व संगीत यांना तीत स्थान नव्हते.

लुईने हे दोष स्वतःच्या बोटांनी अनुभवले होते. सवड मिळेल तेव्हा तो कागद व टोच्या घेऊन बसे. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने उत्तर शोधले : तीन-तीन बिंदूंच्या दोन उभ्या ओळी. संपूर्ण चिन्ह एका बोटाच्या टोकाखाली येई आणि सहा बिंदूंतून ६३ चिन्हे तयार होत.

पुढे त्याच शाळेत शिक्षक झालेल्या ब्रेल यांनी १८२९ साली ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तीत काही आडव्या रेघाही होत्या. त्या बोटांना नीट कळत नाहीत असे दिसताच १८३७च्या आवृत्तीत त्यांनी त्या गाळल्या. ते स्वतः पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. म्हणून संगीतलेखनही त्यांनी या लिपीत बसविले.

तरीही विरोध झाला. १८४० साली आलेल्या नव्या संचालकांनी वर्गात ही लिपी बंद केली. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरत राहिले. अखेर १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि तिची उपयुक्तता सर्वांना पटली.

क्षयाने जर्जर झालेल्या ब्रेल यांनी ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, श्रद्धेने देह ठेवला. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल ठरली आणि मराठीलाही तिचा लाभ झाला. १९५२ साली फ्रान्सने त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेल्या. त्यांचे हात मात्र कुव्रेच्याच मातीत राहिले.

प्रिय धर्मग्रामस्थहो, फादर पालुई यांनी एका अंध मुलाला वेळ दिला नसता, तर हा प्रकाश कदाचित कुव्रेतच विझला असता. आपल्या धर्मग्रामात ब्रेल वाचणारा कुणी बंधू वा भगिनी असेल, तर ख्रिस्तयागातील वाचनासाठी त्यांना आपण कधी बोलावले आहे काय?