नात्याचे चिंतामणराव

मुलांनो, महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या एस्टीत बसलात की वाटेत नाते गाव लागतं. थोर पुरुषाची माहिती लिहून आणा म्हटलं की तुम्ही शिवाजी महाराजांची आणि बाबासाहेब आंबेडकरांची आणता. ते योग्यच आहे. रायगड आणि चवदार तळे दोन्ही आपल्याच तालुक्यातली. पण नात्याच्या चिंतामणराव देशमुखांची माहिती कोणी आणत नाही, म्हणून या वेळी मीच लिहितो.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी नाते येथे झाला. वडील द्वारकानाथ हे वकील. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. विलायतेत ते वनस्पतिशास्त्र शिकले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या वेळच्या नोटांवर त्यांची सही असे. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले.

सारखा पहिला नंबर, ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण मला खरी गोडी लागली ती पुढच्या हकिगतीची.

या माणसाचा सारा जन्म कचेरीत गेलेला. साहेब म्हणून हुकूम करायची सवय. आता लोकसभेत जायचं तर लोकांपुढे उभं राहायला हवं! स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. मतदार सतरा कोटींवर, आणि त्यातले बहुतेक निरक्षर. मग मत द्यायचं कसं? युक्ती अशी काढली, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चित्र. आतला कागद कोरा, शिक्का मारायचा नाही. आवडत्या चित्राच्या पेटीत कागद टाकला की झालं. काँग्रेसचं चित्र होतं बैलजोडी. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. कुलाबा मतदारसंघातून चिंतामणराव निवडून आले.

ही निवडणूक सुकुमार सेन नावाच्या अधिकाऱ्याने पार पाडली. तिची कीर्ती एवढी झाली की १९५३ साली आफ्रिकेतल्या सुदान देशाने निवडणूक घेतली, तेव्हा तिथल्या निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून सेनसाहेबांना नेमण्यात आलं. सुदान १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला. पण १९५८ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली. पेट्या नीट मोजल्या तरी पुढे त्या निकालाची बूज राखणारी माणसं लागतात.

१९५६ साली दिल्लीहून जाहीर झालं, की मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायची. लोक खवळले. मुंबईत मोर्चे निघाले, गोळीबार झाला, माणसं मेली. चिंतामणराव तर नेहरूंचे अर्थमंत्री. गप्प बसले असते तर खुर्ची राहिली असती. त्यांनी राजीनामा दिला. गोळीबाराची चौकशी होत नाही, याबद्दल त्यांनी भर लोकसभेत नाराजी सांगितली. आमच्या गावची म्हातारी माणसं चिंतामणरावांचं नाव काढलं की नोटेवरची सही नाही सांगत, हा राजीनामा सांगत. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. या निवडणुकीत तुमचे आईवडील मत देत नाहीत. खासदार-आमदार देतात, तेही पसंतीचे क्रमांक घालून. पहिल्या मोजणीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मते पडली. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती, म्हणजे कोणीच जिंकलं नाही! अशा वेळी शेवटचा उमेदवार बाद करून त्याच्या कागदांवरची पुढची पसंती मोजतात. असे एकेक बाद होत चिंतामणरावांची पाळी आली. त्यांच्या मतांचे कागद दुसऱ्यांत वाटले गेले, तेव्हा कुठे गिरी यांचा आकडा ४,२०,०७७ झाला. (वर्गाचा मॉनिटर असा निवडून बघा. मोजणाऱ्याला घाम फुटेल.)

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे वारले. गांधी जयंतीचा तो दिवस, शाळेत त्यांची आठवण राहून जाते. जन्मदिवस मात्र संक्रांतीच्या सुमारास येतो. यंदा तिळगूळ वाटताना नात्याहून येणाऱ्या मुलांना दोन वड्या जास्त द्यायचं मी ठरवलं आहे.